कार्यक्रम संपल्यावर

आमच्या पेणच्या माणसांना कार्यक्रमांचे भारी वेड आहे. चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात कीर्तन, आणि भाद्रपदाविषयी तर बोलायलाच नको. जिथले गणपती साऱ्या महाराष्ट्रात आणि साता समुद्रांपलीकडे जातात, त्या गावात भाद्रपद वर्षभर चालू असतो. थंडी पडली की व्याख्याने सुरू होतात. वक्ता नामांकित असला तर सभागृह श्रोत्यांनी भरते, नसला तर त्याच्या नातेवाइकांनी. शाळेत तीस वर्षे मराठी शिकवल्याच्या पुण्याईवर यांतल्या निम्म्या कार्यक्रमांचे आभारप्रदर्शन माझ्या वाट्याला येते. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात माझे दोन जुने विद्यार्थी आपल्या रोह्याच्या दोघा स्नेह्यांना घेऊन आले आणि “बाई, एक कार्यक्रम करायचा आहे, मदत हवी,” असे म्हणाले, तेव्हा मी सवयीने वही उघडली आणि विचारले, “विषय?”

“आम्ही,” त्यांतला एक म्हणाला.

तीन मुलगे आणि एक मुलगी. वये पंचविशीच्या अलीकडची-पलीकडची. एक धाटावच्या रसायनांच्या कारखान्यात, एक रोज पनवेलला जाऊन-येऊन नोकरी करणारा, एक हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा आणि मुलगी बी. एड. करणारी. “आम्ही समलिंगी आहोत, बाई,” असे धाटाववाला एका दमात म्हणाला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहू लागला. माझ्या दोघा विद्यार्थ्यांपैकी एकाविषयी मला नववीपासून अंदाज होता, दुसऱ्याविषयी मुळीच नव्हता. मी चहा टाकायला आत गेले. अशा वेळी माणसाच्या हाताला काम असलेले बरे, हे मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे, आणि पुढे याच गोष्टीचा आम्हाला फार उपयोग झाला.

त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. आपल्यासारखी माणसे या गावांत आहेत हे गावाला दिसावे, आणि जी माणसे आतल्या आत कुढतात त्यांना कुठे तरी मोकळे होता यावे. पहिल्या गोष्टीला त्यांचा शब्द ‘व्हिजिबिलिटी’. मुंबईत ऑगस्ट २००८ मध्ये या लोकांचा मोठा स्वाभिमान मोर्चा निघाला, पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये निघाला, आणि पुढे नागपूरसारख्या शहरांतही निघू लागला. पनवेलवाला मुंबईच्या मोर्चात दोनदा चालून आला होता. तसे काही पेणला करावे असे त्याच्या मनात होते. मी त्याला विचारले की, मुंबईच्या मोर्चात तुला ओळखणारे किती होते? तो म्हणाला, “कुणीच नाही, म्हणून तर गेलो.” सुरुवातीच्या वर्षांत काही जण तिथे मुखवटे घालूनही चालत असत. पेणच्या बाजारपेठेत मुखवटा घालून चाललात तर चप्पल पाहून लोक तुमचे नाव सांगतील, वडिलांचेही सांगतील!

मोर्चाला मी नावे ठेवीत नाही. मोठ्या शहरात माणूस दिसतच नसतो, म्हणून त्याला रस्त्यावर येऊन ‘मी आहे’ असे ओरडून सांगावे लागते. पेण-रोह्याची अडचण उलटी आहे. इथे सगळे सगळ्यांना दिसते. “अमक्यांचा मुलगा अजून लग्नाला तयार होत नाही,” या एका वाक्यात इथे सर्व काही बोलून झालेले असते आणि काहीही बोललेले नसते. त्या मुलाविषयी त्याच्याखेरीज सारे जण कुजबुजतात. म्हणजे इथे दिसण्याचा प्रश्न नव्हता, सांगण्याचा होता. आणि तेही दुसऱ्या कुणी सांगण्याच्या आत, स्वतःच्या तोंडाने.

हे सांगणे महाराष्ट्राला अगदीच नवे आहे असे कुणी समजू नये. प्रा. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. वाचकांच्या खासगी, लैंगिक प्रश्नांना ते मासिकातून सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. परंतु माणसाने आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, ही गोष्ट न्यायालयात मराठी माणसांनी मांडली, तीही नव्वद वर्षांपूर्वी. पुढे १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवर प्रेम आहे, हे मराठी प्रेक्षकाने तिकीट काढून पाहिले. रोहिणी हट्टंगडी त्यात मित्राचे काम करीत. नाटक मोठे आहे, यात शंका नाही. तरी त्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती नाटककारापेक्षा आपणा प्रेक्षकांविषयी अधिक आहे. शेवटी मित्रा मरते. अशा गोष्टींतली माणसे बहुधा शेवटी मरतातच. मग आपण रुमाल काढतो, हळहळतो आणि घरी येऊन जेवतो. ती जगली असती तर दुसऱ्या दिवशी तिने कुठे जायचे होते, तिला कामावर कुणी ठेवले असते, आजारपणात तिच्या उशाशी कोण बसले असते, हा विचार करण्याचे आपल्याला कारणच उरत नाही.

मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केली. हे नाव मला अतिशय आवडते. समपथिक, म्हणजे एकाच वाटेने चाललेले. त्यात ना दया आहे, ना आरडाओरडा. खिऱ्यांनी मुख्य गोष्ट ही केली की, हा विषय मराठीत आणला. ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ ही त्यांची पुस्तके ज्या मुलाला इंग्रजी धड येत नाही आणि ज्याच्या घरात या गोष्टीला शिवीखेरीज शब्द नाही, त्याच्यासाठी आहेत. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आले आणि ते आमच्या वाचनालयांतूनही फिरले. कायद्याचे म्हणाल तर १८६० च्या दंडविधानातले ३७७ वे कलम सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. म्हणजे सोबत राहिलात तर गुन्हा नाही, पण नात्याला नावही नाही. आता हा दिल्लीचा निकाल पेण स्टेशनात उतरून घरोघरी जाईल अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्याने आमची दिवा-रोहा गाडी पाहिलेली नाही.

तर प्रश्न होता कार्यक्रमाचे रूप कोणते, हा. मुंबईचे डॉक्टर बोलावून व्याख्यान ठेवावे, अशी एक सूचना आली. पण व्याख्यानाला लोक विषय ऐकायला येतात आणि विषय ऐकून परत जातात. शेजारच्या खुर्चीवर तो विषय बसला आहे हे त्यांना कळत नाही. पथनाट्याची सूचना मुलीने स्वतःच मोडून काढली. एका सभागृहाची चौकशी केली तर व्यवस्थापकांनी विषय ऐकून तारीख शिल्लक नसल्याचे सांगितले. पुढच्या तिन्ही महिन्यांतली! तेव्हा जागा आमचे घर, हे तिथेच ठरले.

आणि मग धाटाववाल्याने एक हकिकत सांगितली, तिने सगळे सोपे केले. अमेरिकेत एड्सच्या साथीत हजारो तरुण मेले. कित्येकांचे अंत्यविधी करायलाही घरचे तयार होईनात. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने कल्पना काढली की, प्रत्येक मृताच्या नावाने कापडाचा एक तुकडा शिवायचा, तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढा, आणि ते सारे एकत्र जोडायचे. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ते अंथरले तेव्हा १९२० तुकडे होते. आज सुमारे ५० हजार आहेत. आयांनी मुलांचे शर्ट कापून त्यात घातले, कुणी टोप्या, कुणी पत्रे शिवली.

“अरे, ही तर गोधडी!” मी म्हटले.

गोधडी म्हणजे काय ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, बाळाचे झबले. जे जे अंगावर विरले ते एकाखाली एक घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. अमेरिकेची गोधडी मेलेल्यांची होती. आमची जिवंतांची करायची असे ठरले. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक कापडाचा तुकडा आणायचा, सर्वांनी मिळून शिवायला बसायचे, आणि शिवता शिवता ज्याला सांगायचे त्याने त्या तुकड्याची गोष्ट सांगायची. ज्याला नाही सांगायची त्याने नुसते टाके घालायचे.

यात टाके घालण्याचे महत्त्व गोष्टीइतकेच आहे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बायका पोह्यांचे पापड लाटायला जमतात. चाळीस वर्षांत गावातली खरी दुःखे मी कुठे ऐकली असतील तर ती पोळपाटाशी. समोरासमोर खुर्च्या टाकून, डोळ्याला डोळा भिडवून “सांग बरे तुला काय होते” असे विचारले तर शंभरांतला एकही बोलत नाही. शेजारी शेजारी बसावे, हात चालू असावेत, नजर लाटीवर असावी. मग एखादी हलकेच म्हणते, “ह्यांनी पुन्हा चालू केली बरं का,” आणि दुसरी पीठ पुढे सरकवते. गप्प राहिले तरी ते खटकत नाही, कारण काम चालू असते. सुईदोऱ्याचेही तेच आहे. पुरुषांना सुई धरता येत नाही म्हणून ते अधिकच खाली बघतात, हा आणखी एक फायदा.

आता मोकळे होण्याविषयी. ‘मनातले बोलून टाकले की हलके वाटते’ असे आपण सर्रास म्हणतो. हे निम्मेच खरे आहे. पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्याने चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या सर्वांत दुःखद प्रसंगाविषयी लिहायला लावले. पुढच्या महिन्यांत त्यांचे डॉक्टरांकडे जाणे कमी झाले, हे खरे. पण लिहून उठल्यावर लगेच मात्र ती मुले अधिक खिन्न होती आणि त्यांचा रक्तदाबही वाढलेला होता. याचा अर्थ माझ्या मते असा की, सांगून झाल्यावरचे पहिले काही तास आणि पहिले काही दिवस हा सर्वांत नाजूक काळ. नेमक्या त्याच वेळी टाळ्या वाजलेल्या असतात, सतरंज्या गुंडाळलेल्या असतात आणि सांगणारा रोह्याच्या शेवटच्या गाडीत एकटा बसलेला असतो. कार्यक्रम करणारे सारे लक्ष कार्यक्रमावर देतात. आम्ही ठरवले की, आधी परतीची सोय लिहायची, मग कार्यक्रमाची.

म्हणून माझ्या वहीत पहिल्या पानावर वक्त्यांची नावे नाहीत. कोण कुणाला घरापर्यंत पोचवणार, रात्री अकराला कोण फोन करणार, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कोण करणार, हे आहे. तिसरा दिवस पनवेलवाल्याने सुचवला. पहिल्या रात्री माणूस उत्साहात असतो, म्हणाला. घरचे बोलायला लागतात ते तिसऱ्या दिवशी. घरात राहणे अशक्य झाले तर आठ दिवस उतरायला दोन घरे, एक पेणला आणि एक नागोठण्याला, हेही लिहिले. ही तयारी नसेल तर सांगणाऱ्याला सांगू देऊ नये, अशा मताची मी आहे. मग कार्यक्रम कितीही रंगणारा असो.

दुसरेही काही ठरवले. ज्याला सांगायचे आहे त्याने आधी आमच्यापैकी एकाला एकदा सांगून पाहायचे. गोष्टीत दुसऱ्या कुणाचे नाव येता कामा नये. विशेषतः ज्याचे आता लग्न झाले आहे अशा मित्राचे. शेवटच्या क्षणी नको वाटले तर कारण विचारायचे नाही. येणाऱ्याने मोबाईल ओटीवरच्या सुपात ठेवूनच आत यायचे. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही, आणि “लग्न कर, सगळं ठीक होईल” हे वाक्य तर उंबऱ्याबाहेरच ठेवायचे. एका मुलाला घरच्यांनी ‘उपचारा’साठी कुठे कुठे फिरवले होते, म्हणून हेही स्पष्ट सांगायचे ठरले की हा आजार नाही, आणि तो बरा करून देतो म्हणणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले आहे.

किती लोक बोलवायचे यावर वाद झाला. तरुणांना शंभर हवे होते. मी त्यांना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे सांगितले. मायामी शहरात कार्यकर्ते दारोदार गेले आणि पारलिंगी व्यक्तींविषयी लोकांशी सुमारे दहा मिनिटे बोलले. भाषण केले नाही, “तुम्हाला कधी वेगळे म्हणून कुणी हिणवले होते का?” असे विचारले आणि ऐकून घेतले. तीन महिन्यांनी पाहिले तरी त्या लोकांच्या मनातली अढी कमी झालेलीच होती. दहा मिनिटे, एक दार, एक माणूस. पेणात दारांना तोटा नाही, असे मी म्हटले.

पण कोणते दार? इथे मुलीने जी युक्ती काढली तिला तोड नाही. ती म्हणाली, “बाई, प्रत्येक घराची एक बातमी नेणारी असते. आपण तिलाच बोलवू.” अगदी खरे! गावातली बातमी वाऱ्यावर जात नाही. ती एका ठराविक बाईच्या पिशवीतून जाते. ती ऐकीव गोष्ट नेईल तर तिखटमीठ लावून नेईल. पण तिला समोर बसवून, चहा देऊन, त्या मुलाच्या तोंडून ऐकवली तर ती तीच गोष्ट नेईल, आणि वर म्हणेल की, मी स्वतः ऐकली. धाटाववाल्याच्या घरची अशी बाई म्हणजे त्याची मावशी. रोह्यात तिला सगळे ओळखतात. कुठे कुणाची पत्रिका जुळते हे तिला पालखीच्या तारखेइतके पाठ. मुलाच्या छातीत धडकी भरली. तरी तोच म्हणाला की, तिलाच बोलवा.

कोजागिरीच्या आधीच्या रविवारी आम्ही जमलो. एकोणीस माणसे. माजघरात सतरंजी, मध्ये जुन्या लुगड्यांचा थर मांडलेला, भोवती सगळे मांडी घालून. पहिली दहा मिनिटे सुईत दोरा ओवण्यातच गेली आणि त्यात बरीच हसाहस झाली. मग हमरापूरच्या मुलाने आपले फडके काढले. ज्याला तो कुंचले पुसतो ते. तो डोळ्यांची आखणी करतो, आणि गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान मोठा. तो एवढेच म्हणाला की, लहानपणी मला चालण्यावरून चिडवीत, तेव्हा मी कारखान्यात येऊन बसायचो, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष मूर्तीकडे असते. दोन मिनिटांत संपले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण हात मोकळे नव्हते. एका आजींनी ते फडके हातात घेतले आणि त्याच्या कडा दुमडून दिल्या.

धाटाववाल्याचा तुकडा एका निळ्या शर्टाच्या बाहीचा होता. शर्ट कोरा दिसत होता. तो म्हणाला, हा एकदाच घातला. दोन वर्षांपूर्वी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा. कांदेपोहे झाले, मुलगी चांगली होती, शिकलेली होती. घरी येऊन मी नाही म्हणालो. पत्रिकेचे कारण कळवले. त्या मुलीला वाटले असेल की आपल्यात काही कमी आहे. तिच्यात काही कमी नव्हते. मला मुलींशी लग्न करता येणार नाही हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे, आणि मी ते कुणाला सांगितले नाही, म्हणून ती मुलगी पोह्यांची बशी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

वाचकहो, ते स्थळ आणले होते मावशीने.

मावशीची सुई थांबली. मी मनात म्हटले, आता ही उठून जाणार. ती उठली नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मग मला तरी सांगायचंस रे. मी त्या लोकांना दोनदा जाऊन आले तुझ्यासाठी.” तिच्या आवाजात रागच होता, आणि तो रास्त होता. मुलगा खाली मान घालून शिवीत राहिला. बोटाला सुई टोचली तरी थांबला नाही. मग मावशीने दुसरा प्रश्न विचारला, जो आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या मनात असतो: “आणि म्हातारपणी तुला बघणार कोण?”

याला उपदेश म्हणायचा की नाही यावर नियम करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पण मुलाने उत्तर दिले. तो म्हणाला की, एक सोबती आहे, पाच वर्षे झाली. लग्न कायद्याने होणार नाही. पण दोघांचे मिळून बँकेत खाते उघडता येते आणि एकमेकांचे नाव नॉमिनी म्हणून नोंदवता येते, याला कोणतीही आडकाठी नाही, असे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. “आम्ही खातं काढलंय, मावशी. महिन्याला दोन-दोन हजार टाकतो.” आश्चर्य असे की, इतर साऱ्या बोलण्यापेक्षा या दोन हजारांचा मावशीवर अधिक परिणाम झाला. “कुठल्या ब्यांकेत?” तिने विचारले. पेणमध्ये बँक बुडण्याचे दुःख ज्यांनी २०१० मध्ये सोसले, त्या घरांतली दोन-तीन माणसे तिथे बसली होती. त्यांनीही माना वर केल्या. मग काही वेळ बँकांवरच चर्चा झाली, आणि त्या चर्चेत तो मुलगा इतर कुणाही संसारी माणसासारखा बोलत होता.

बी. एड.वाली मुलगी काही बोलली नाही. तिने कापडही आणले नव्हते. तिने चार तास धावदोरा घातला, सर्वांत सरळ तिचाच.

रात्री ठरल्याप्रमाणे निवृत्त एस. टी. चालक असलेले आमचे शेजारी आपल्या गाडीतून मुलाला आणि मावशीला रोह्याला घेऊन गेले. तास-सव्वातासाची वाट, दोघे मागच्या बाकावर होती. वडखळ ओलांडेपर्यंत कुणी बोलले नाही, नागोठण्याला मावशीने पाणी मागितले, आणि पुढे ती झोपली, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. अकराला फोन केला तेव्हा मुलगा फार आनंदात होता. तिसऱ्या दिवशी केला तेव्हा नव्हता. मावशीने दुसऱ्याच दिवशी दुपारी बहिणीला सगळे सांगितले होते, जसे ऐकले तसे. आई रडली, पण दिव्यात तेल घालायला उठली तेव्हा त्याला हाक मारून वात पुढे करायला सांगितली. वडिलांनी बोलणे टाकले. ती दिवाळी त्याने पेणच्या घरी काढली, म्हणजे पहिल्या पानावर लिहिलेल्या त्या दोनांपैकी एका घरी. आज वर्ष होत आले. वडील त्याच्याशी कारखान्याच्या पाळीपुरते आणि गॅसच्या नळकांड्यापुरते बोलतात. त्याहून पुढे गेलेले नाही, आणि जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही.

मधल्या काळात आणखी तीन बैठका झाल्या. एका बैठकीला मुंबईहून एक आई आल्या होत्या. अशा मुलांच्या पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे, त्याविषयी त्यांनी सांगितले. आमच्याकडच्या दोन आयांनी त्यांचा फोन नंबर घेतला, एकमेकींना दिसणार नाही अशा बेताने. मुलीने तिसऱ्या बैठकीत एक तुकडा आणला, जांभळ्या ओढणीचा, आणि तो कुणाचा ते सांगितले नाही. आम्ही विचारले नाही. गोधडी अजून अर्धीच आहे. ती एस. टी.तून पेण-रोहा अशी फिरते आणि ज्याच्याकडे असेल तो फावल्या वेळी टाके घालतो. गणपतीनंतर ती मावशीकडे होती. परत आली तेव्हा एका कोपऱ्याला हिरव्या खणाचा तुकडा लागला होता. कुणी लावला, कशासाठी, याचा उल्लेख मावशीच्या चिठ्ठीत नव्हता. चिठ्ठीत एवढेच होते की, दोरा संपला आहे, पाठवणे.

तुळशीच्या लग्नानंतरची बैठक रोह्याला मावशीच्या घरी आहे. तिने स्वतः कळवले, आणि जमिनीवर बसणार नाही, गुडघे दुखतात, तेव्हा खुर्च्या आणा, अशी अट घातली. परवा मी रोह्याच्या मंडपवाल्याला फोन केला. पंचवीस खुर्च्या, एक टेबल आणि चहाचे पिंप सांगितले. त्याने पत्ता लिहून घेतला आणि विचारले, “बाई, कार्यक्रम काय लिहू? साखरपुडा?” मी त्याला सांगितले काय आहे ते, सरळ शब्दांत. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला की, खुर्च्या सकाळी दहाला पोचतील, आणि परत न्यायला माणूस रात्री कितीला पाठवू?